आमच्या घरी चहा गारच व्हायचा

भूतकाळात जायचं असेल तर आधी एक बाई टॉयलेटला कधी जाते याची वाट बघत बसावं लागतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर पालथं घालून हसले, कारण टाइम ट्रॅव्हल म्हटलं की माझ्या डोक्यात यंत्र, निळा उजेड, गरगर फिरणारे काटे, केस पिंजारलेला शास्त्रज्ञ असलं काहीतरी येतं, आणि इथे काय, तर टोकियोतल्या एका गल्लीत तळघरात एक जुनाट कॅफे, त्यात एक ठरावीक खुर्ची, त्या खुर्चीवर पांढरा ड्रेस घातलेली बाई कादंबरी वाचत बसलेली, ती बाई म्हणजे भूत, आणि हे भूत दिवसातून एकदा उठून टॉयलेटला जातं. तेवढ्यात आपण जाऊन जागा पकडायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तशी.

पुस्तक म्हणजे 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड', लेखक तोशिकाझु कावागुची. जपानीत २०१५ ला आलं, इंग्रजीत २०१९ ला, आणि माझ्या कपाटात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मावसबहिणीने वाढदिवसाला दिलं म्हणून. पहिल्या पानावर तिने पेनाने लिहिलेलं, 'ताई, रडशील हं'. असं कुणी आधीच सांगून ठेवलं की माझं उलटंच होतं, मी हट्टाने रडत नाही. शिवाय ही जी जपानी मन हलकं करणारी पुस्तकं असतात ना, कॅफे, लायब्ररी, लाँड्री, कुठलंतरी छोटं दुकान, कव्हरवर संध्याकाळची पिवळी खिडकी आणि हटकून एक मांजर, त्यांच्याबद्दल मला जरा आकसच होता. जपानीत 'इयाशी' असा शब्द आहे, जिवाला बरं वाटणं, जखम भरून येणं असा काहीसा अर्थ, आणि त्या शब्दावर आता दुकानांत पुस्तकांच्या फळ्याच्या फळ्या भरतात. मलम असं ओळीने मांडून ठेवलेलं दिसलं की मला आधी त्यातला धंदा दिसतो, काय करू. दीड वर्ष ते तसंच पडून राहिलं. मग एका रविवारी दुपारी लाइट गेली, फोन सात टक्क्यांवर, आणि हाताला नेमकं तेच लागलं.

तर नियम. कॅफेचं नाव फुनिकुली फुनिकुला, कादंबरीत ते १८७४ पासून चालू आहे. खिडक्या नाहीत, भिंतीवर तीन मोठी घड्याळं आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ, मधलं तेवढं बरोबर. एसी नाही तरी उन्हाळ्यात आत गारवा. इथून भूतकाळात जाता येतं, पण जे लोक कधी ना कधी या कॅफेत येऊन गेलेत त्यांनाच भेटता येतं. त्या एकाच खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही, उठलात की परत आजमध्ये. तिकडे जाऊन डोकं आपटलंत तरी आजची परिस्थिती बदलणार नाही. आणि काझु नावाची मुलगी चांदीच्या किटलीतून कपात कॉफी ओतते, ती कॉफी गार व्हायच्या आत सगळी प्यायची आणि परत यायचं. नाही प्यायलात तर पुढचं भूत तुम्ही, त्याच खुर्चीवर, कायमचे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधल्या नोटिशीत पण एवढ्या अटी नाहीत.

लिखाण म्हणाल तर खरं सांगते, सपाट आहे. तेच तेच परत सांगतात, कोण कसं उभं होतं, कोणी कोणता रंग घातला होता. प्रत्येक गोष्टीत सगळे नियम पहिल्यापासून, जसं दर प्रयोगाला मोबाईल बंद ठेवायची सूचना. मागाहून कळलं की हे मुळात नाटकच होतं, कावागुची नाटकवाले, आणि मग एकदम लख्ख उलगडलं. अरे, हा आपला एकच सेट आहे की! दाराची घंटा वाजली की सगळे वळून बघणार, एन्ट्री होणार, कोपऱ्यातला माणूस दोन वाक्यं टाकणार, अंधार, उजेड. दिवाणखान्याच्या जागी कॅफे एवढाच फरक. एकदा हे कळलं की वाचताना त्रास होत नाही, आपण मनातल्या मनात पडदा वर घेतो आणि बसतो. जपानीत अशा जुन्या कॅफेला 'किस्सातेन' म्हणतात. 'किस्सा' म्हणजे त्यांच्याकडे चहा पिणं आणि 'तेन' म्हणजे दुकान, आपल्या किस्स्याशी काही संबंध नाही, पण मला बापडीला तो शब्द मराठीच वाटतो, आणि पुस्तकात सगळे बसून किस्सेच सांगतात.

चार गोष्टी आहेत. पहिली प्रेमिकांची, तो अमेरिकेला निघून गेला आणि ही 'जाऊ नको' म्हणायचं राहिली, ती मी भराभर वाचली. तिसरी दोन बहिणींची, तिथे सगळे रडतात, मी पण थोडी. हिराई नावाची बाई टोकियोत बार चालवते, सेंदाईला घरचा पिढीजात यात्रीनिवास आहे, तो सोडून ही तरुणपणीच निघून आलेली. धाकटी बहीण तिला परत न्यायला पुन्हा पुन्हा टोकियोला येते आणि ही दरवेळी लपते, एकदा तर चक्क कॅफेच्या काउंटरमागे लपते, धाकटीने ठेवलेलं पत्र उघडूनही बघत नाही. आणि त्याच फेरीत, घरी परत जाताना धाकटी अपघातात जाते. मग हिराई त्या खुर्चीवर बसते. मेलेल्या माणसाला भेटायला गेलं की परत यायचं भान राहत नाही, म्हणून काझु तिच्या कपात एक छोटी काडी ठेवते, कॉफी गार व्हायला आली की ती वाजते. त्या काडीच्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू.

पण बांध फुटला तो दुसऱ्या गोष्टीत. म्हणजे तशी अर्ध्या पुस्तकाच्याही आधी.

फुसागी हा बागकाम करणारा माणूस, त्याला अल्झायमर झालाय, बायकोला विसरलाय. बायको कोहताके, व्यवसायाने नर्स. त्याने बायको म्हणून ओळखलं नाही तरी चालेल, मी नर्स म्हणून सोबत राहीन, असं तिने ठरवून टाकलंय, आणि कॅफेतले लोकही तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतात, फुसागीला गोंधळ नको म्हणून. फुसागी मात्र रोज येऊन बसतो, कारण त्याच्याकडे बायकोला द्यायचं राहिलेलं एक पत्र आहे. शेवटी तीच मागे जाते, त्याला थोडंफार आठवत होतं त्या काळात, आणि पत्र घेऊन येते. पत्रात असं, की तू नर्स असलीस तरी माझ्यासमोर नर्स होऊ नको, बायको म्हणून जड झालं तर खुशाल सोडून जा. परत आल्यावर ती कॅफेतल्या लोकांना सांगते, मला मिसेस फुसागी म्हणा.

एवढंच. मी पुस्तक बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

कारण आई आजारी होती तेव्हा मी दर शनिवारी पुण्याहून कऱ्हाडला जायचे, आणि जाऊन काय करायचे, तर गोळ्यांचा डबा. सोमवार ते रविवार, सकाळ दुपार रात्र असे कप्पे. बीपीची वही. किती पाणी प्यायलीस, किती वेळा उठलीस, जेवणात मीठ किती. फ्रीजवर मी एक्सेलमध्ये केलेला तक्ता चिकटवला होता, त्याचा मला अभिमान वाटायचा. एकदा ती म्हणाली, 'आज गोळ्यांचं नको बोलूस गं, इकडचं तिकडचं काहीतरी सांग.' मी म्हटलं, 'सांगते, आधी ही घे.' मग ती गोळी घेऊन झोपली आणि इकडचं तिकडचं राहिलं. तेव्हा वाटायचं मुलगी म्हणून सगळं करतेय. त्या कोहताकेचं वाचल्यावर कळलं की मी तिथे नर्सच होते, मुलगी रजेवर होती.

नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली. तो इंजिनीअर माणूस, त्याला सगळं पटलं, भूत पटलं, किटली पटली, फक्त एक गोष्ट पटेना. 'काही बदलतच नाही ना? मग जायचं कशाला? उपयोग काय?' खरंतर वेळेच्या बाकीच्या गोष्टींत माणसाच्या पदरात काहीतरी पडतं नाहीतर काहीतरी जातं. जपान्यांची जुनी गोष्ट आहे उराशिमा तारोची, तो कोळी कासवाला वाचवतो, समुद्राखालच्या महालात थोडे दिवस राहतो, परत येतो तर गावात तीनशे वर्षं झालेली, ओळखीचं कोणी नाही, आणि नको उघडू सांगितलेली पेटी उघडतो तर क्षणात म्हातारा. आपल्याकडे भागवतात रेवतीची गोष्ट, बाप लेकीला घेऊन ब्रह्मलोकी स्थळ विचारायला गेला, गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, मनात धरलेली सगळी स्थळं मातीत गेली. आजी सांगायची तेव्हा आम्हाला फार हसू यायचं, एका गाण्यापायी! पण निदान तिथे रेवतीला बलराम मिळाला. इथे कॉफी प्यायची, चार वाक्यं बोलायची आणि रिकाम्या हाताने परत. नवऱ्याचा प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर येत होतं, पण त्याला ते सांगायचं तर प्रीतिसंगमावर जावं लागलं असतं.

आईच्या दहाव्याला आम्ही प्रीतिसंगमावर होतो. कृष्णा कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती जागा, सकाळचं ऊन, घाटावर आमच्यासारखीच आणखी दोन घरं. पिंड ठेवला आणि सगळे लांब होऊन उभे राहिले. कावळा शिवेना. कावळे होते, बरेच होते, कठड्यावर बसून आमच्याकडे मान वाकडी करून बघत होते, पण खाली येईनात. अर्धा तास झाला. मग सुरू झालं ते जे सगळ्यांकडे होतं तेच. मामा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, 'भावजींना एकटं सोडणार नाही.' नाही. मावशी म्हणाली, 'तुझ्या पाटल्या दोन्ही नातींना सारख्या वाटू.' नाही. मला पुढे ढकललं, मी काय बोलले मला आठवत नाही, 'मी व्यवस्थित राहीन' असं काहीतरी, शाळेच्या निबंधातलं. नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढचं एक होतं, ते म्हणाले दर्भाचा कावळा करून घेऊ. तेवढ्यात बाबा, जे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते, चप्पल काढून दोन पावलं पुढे गेले आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, 'अगं, गॅस बंद करून आलोय. दूध तापवलंय, विरजण पण लावलंय. तू जा.'

कावळा आला.

आता मला माहितीय, शेजारच्या पिंडाचं संपलं असेल म्हणून तो इकडे आला. मी काही या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. पण घाटावर त्या क्षणी सगळ्यांचे खांदे कसे खाली आले ते मी पाहिलंय, मामा तर मटकन पायरीवरच बसला. आई काही परत आली नाही. काही बदललं नाही. चार वाजता आम्ही घरी जाऊन गार झालेला भात खाल्ला. तरी उपयोग काय असं तिथे कोणी विचारलं नाही. कावागुचींच्या कॅफेतला हा जो नियम आहे ना, काहीच बदलणार नाही, तो इंग्रजीत वाचणाऱ्या साहेबाला क्रूर वाटत असेल, दहाव्याला उभं राहिलेल्या मराठी माणसाला तो नवीन नाही. आपण गेलेल्या माणसाला काय सांगतो? विरजण लावलंय, एवढंच सांगतो.

जपान्यांचंही तसंच असावं. त्यांच्याकडे ओबोन असतो, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर, आपल्या पितृपक्षासारखा, पूर्वज घरी येतात. त्यांना यायला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि जायला वांग्याची गाय. घोडा का, तर लवकर यावेत म्हणून. गाय का, तर जाताना सावकाश जावेत म्हणून. हे मी कुठेसं वाचलं तेव्हापासून बाजारात वांगं हातात घेतलं की एकदा त्याला चार पाय लागलेले दिसतात मला. आणि इवाते प्रांतात ओत्सुची नावाचं गाव आहे, तिथे इतारू सासाकी नावाच्या गृहस्थांनी २०१० मध्ये आपल्या बागेत टेलिफोनचं बूथ उभं केलं, चुलतभाऊ गेला म्हणून, त्याच्याशी बोलायला. पांढरं बूथ, आत काळा डायलचा फोन, आणि त्याची वायर कुठेच जोडलेली नाही. पुढच्याच वर्षी ११ मार्चची त्सुनामी आली, ओत्सुचीतली शेकडो माणसं गेली, आणि लोक त्या फोनवर यायला लागले. लांबलांबून येतात. डायल फिरवतात, आणि बोलतात. काय बोलतात, तर जेवलास का, थंडी आहे का तिकडे, पोरगी शाळेत जायला लागली. विरजणच सगळं.

बरं, आता चहाचं.

कॉफी गार व्हायला नक्की किती वेळ लागतो, हे पुस्तकात घड्याळ लावून सांगत नाहीत, आणि मला चैन पडेना. म्हणून मी घरी प्रयोग केला. कॉफी आमच्याकडे पाहुण्यांपुरती, म्हणून चहावर. स्टीलचा पेला, चिनी मातीचा कप आणि बशी, तिन्हींत एकाच वेळी ओतला, फोनवर टायमर, दर मिनिटाला बोट. (नवरा दारातून बघून गेला, काही बोलला नाही.) कपात बारा-तेरा मिनिटं धरली, पेल्यात त्याहून कमी. बशीत दोन मिनिटंसुद्धा नाही. आणि तेव्हा मला आजोबा आठवले, जन्मभर चहा बशीत ओतून, ओठांचा चंबू करून फुर्रर्र आवाज करत पिणारे. या पुस्तकाचे नियम आमच्या घरात चालायचेच नाहीत! आजोबा गेले असते भूतकाळात, समोरच्याला 'काय कसं काय' म्हणेपर्यंत बशी संपलेली आणि परत घरी. मला एकटीला ओट्याशी उभं राहून इतकं हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं की आईचं काय.

आईचा चहा कायम गार. अख्ख्या घराला तिने चहा दिला की तिचा कप ओट्यावर, बर्नरच्या डाव्या बाजूला, खिडकीशी. मग दूधवाला, मग पाणी गेलं, मग माझी वेणी, मग बाबांचा रुमाल सापडेना. चहावर साय धरायची, सुरकुतलेली, तपकिरी. ती बोटाने बाजूला करायची, पातेल्यात परत ओतून गरम करायची, ओतायची, आणि परत कोणीतरी हाक मारायचं. तीनतीनदा तापवलेला तो काळाकुट्ट चहा शेवटी साडेअकराला, गारच, एका घोटात, औषध घ्यावं तसा. आणि उभ्याने. त्या कॅफेच्या हिशोबाने माझी आई रोज सकाळी भूत होत होती म्हणायची.

उभ्याने, यावर मी अडकले. म्हणजे असं की हे पुस्तक वाचून झाल्यावर जो तो हेच विचारतो, तुला बसायला मिळालं तर कोणाला भेटशील. मावसबहिणीनेही मेसेज करून विचारलं. यात विचार काय करायचा, आईला. पण नियम आहे ना, ती व्यक्ती त्या जागी येऊन गेलेली पाहिजे आणि बसायला खुर्ची पाहिजे. मी डोळे मिटून आमचं कऱ्हाडचं घर आठवलं आणि आईला कुठे बसवावं कळेना. हॉलमधली वेताची खुर्ची बाबांची. झोपाळा आजीचा. डायनिंग टेबल आलं ते मी नोकरीला लागल्यावर, आणि त्याच्या चार खुर्च्यांत आई वाढायला उभी. ती बसायची तेव्हा जमिनीवर, भाजी निवडायला, नाहीतर उंबऱ्यावर दोन मिनिटं, पदराने वारा घेत, म्हणजे बसणं नव्हेच ते, उठायच्या आधीचं टेकणं. आजारात कॉट होती, पण तिथे मी नर्स होते. दोन दिवस मी खरंच शोधत होते, ऑफिसला जाता येता, आई माझ्यासमोर खुर्चीवर बसलीय आणि आम्हा दोघींना कुठेच जायचं नाहीये, असं कधी झालं होतं.

मग आठवलं. २००६, जून किंवा जुलै, पाऊस होता. इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला पुण्याला निघालो होतो, मी आणि ती. मार्कलिस्टच्या झेरॉक्स घरी राहिल्या म्हणून मी परत पळाले, आणि आमची गाडी गेली. चूक सर्वस्वी माझी, म्हणून चिडलेली पण मीच. पुढची गाडी तासाभराने. आई म्हणाली, 'चल, चहा घेऊ.' कऱ्हाड स्टँडच्या कॅन्टीनमध्ये शिरलो. सनमायका उडालेलं टेबल, ओलं पुसलेलं, त्याला तो फडक्याचा वास. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पाठ ताठ, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून, आणि पायाशी पिशवी, तिच्यात लाडवांचा डबा, चटणीचा डबा, मेतकुटाचा डबा, प्रत्येक डब्याला नाडी बांधलेली, मला त्या पिशवीची भयंकर लाज वाटत होती. दोन चहा आले. मी कानात इअरफोन घातले, नवीन एमपी थ्री प्लेयर होता, आणि बाहेर गाड्या बघत बसले.

चहा आल्या आल्या तिने उचलला. हाक मारणारं कोणी नव्हतं ना तिथे. उचलला आणि प्यायली, आणि तिला चटका बसला. चांगलाच. तोंडावर पदर धरून डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. गरम चहाची सवयच नव्हती तिला. मी बघितलं, आणि परत बाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने तिचे ओठ हलताना दिसले, काहीतरी बोलत होती, बराच वेळ, टेबलावर बोटाने रेघा काढत. गाणं संपत आलं होतं म्हणून मी थांबले. मग एक इअरफोन काढून म्हटलं, 'काय?'

'काही नाही,' म्हणाली. 'इथलं पाणी नको पिऊस.'

पुस्तकातले लोक जातात ते सांगायला जातात, नाहीतर ऐकलेलं नीट समजून घ्यायला. मला फक्त ते मधलं एक गाण्याएवढं हवंय. तिला सॉरी वगैरे म्हणायचं नाही, जड काही बोलले तर घाबरेल ती, कपाळाला हात लावून बघेल ताप आहे का. ॲडमिशनची भीती वाटते म्हणत असेल, तिचं कॉलेज राहिलं ते सांगत असेल, की नुसतंच समोरच्या बाईच्या साडीचा काठ बघ म्हणत असेल, तेही चालेल. कऱ्हाडला जाते तेव्हा स्टँडवर उतरते, पण त्या कॅन्टीनमध्ये आजवर गेलेले नाही. काही ठरवून नाही, बाबा रिक्षा थांबवून उभे असतात.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा बाबांना ही सगळी गोष्ट सांगितली. कॅन्टीनचं नाही, पुस्तकाची. ते जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होते, आता तेच निवडतात, आणि आईसारखं काड्यांसकट नाही, एकेक पान खुडून, तास लागतो. मी समोर बसले. भूत टॉयलेटला जातं हे ऐकून त्यांनी चष्म्यावरून बघितलं, 'मग जेवतं पण असेल.' मी म्हटलं नाही, कॉफी पितं. 'आणि बिल?' बिल देतात, बाबा. 'हं.' बहिणींची गोष्ट सांगितली, फुसागीची सांगितली, पत्र सांगताना माझा आवाज जरा हा झाला, त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. मी पण खुडायला लागले. शेवटची गोष्ट, आई होणाऱ्या बाईची, ती मागे नाही तर पुढे जाते आपल्या मुलीला बघायला, ती मी त्यांना सांगितली नाही, तुम्हालाही नाही सांगत.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग बाबा म्हणाले, 'ती किटलीवाली मुलगी.'

'काझु.'

'हां. सगळ्यांना ओतून देते ती. ती स्वतः नाही का बसत कधी त्या खुर्चीवर?'

मी थांबले. सगळं पुस्तक वाचून, दोनदा रडून, तीन भांड्यांत चहा गार करून बघून हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हटलं, 'या भागात तरी नाही.'

'मग तिला ओतून द्यायला कोण असणार,' म्हणाले, आणि मेथीच्या काड्या पेपरात गुंडाळून गुडघ्यावर हात ठेवून उठले. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. दुसऱ्या भागाची ऑर्डर मी तिथेच, जमिनीवर बसल्या बसल्या दिली.